सही सरांची, पत्र माझं

मला सरांचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी समतोल वगैरे शोधत बसणार नाही. सर म्हणजे सोलापुरात मी ज्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं तिथले विभागप्रमुख. दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं, म्हणजे दोन वर्षं ते पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवत गेले आणि आम्ही फळ्यावरून वहीत. त्या काळात त्यांनी मला नावानं एकदाच हाक मारली, तीही शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या नावानं.

एम.एस्सी. झाल्यावर मी दोन हंगाम श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून काम केलं. हंगाम संपला की माझ्यासारखं हंगामी माणूस घरी. उरलेले महिने सोलापुरात एका कोचिंग क्लासमध्ये अकरावीला केमिस्ट्री शिकवायचे. क्लासच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मॅडम, का होतं ते सांगू नका. परीक्षेला काय येणार ते सांगा.” मी ते निमूट ऐकलं. इतकं निमूट मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं नाही आणि त्याबद्दल मला स्वतःचाही राग आहे. दुसरा हंगाम संपता संपता मालकांनी फर्मान काढलं, की कारखान्याचं आता सोडा, जूनपासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही बॅचेस तुमच्या. म्हणजे जूनच्या आत मला कुठेतरी निघून जायला हवं होतं. नाहीतर ‘काय येणार’ सांगत मी त्या पत्र्याच्या खोलीतच म्हातारी झाले असते.

विज्ञान साध्या माणसाला कळेल असं लिहायला शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम असतात, हे मला लॅबमध्ये दुपारच्या पाळीत मोबाइलवर कळलं. आईला फोन करून सांगितलं. आई मूळची माढ्याकडची. पंचवीस वर्षं सोलापुरात काढून तिची बोली तसूभर हललेली नाही. ती म्हणाली, “लिवायला शिकायला दोन वरसं? ते तर तू पयलीतच शिकलीस की.” आईचं मी मनावर घेतलं नाही. बाकीच्यांचं घेतलं. मामा म्हणाले, बी.एड. कर, लिहायला फुकटात फळा मिळेल. क्लासचे मालक म्हणाले, एवढी हौस आहे तर आमच्या नोट्स लिहा, छापू की, वर क्लासचं नाव घालू. उचलली जीभ लावली टाळ्याला. यातल्या एकानंही मला विचारलं नाही की तुला लिहायचंय काय.

माझ्या आवाक्यातले अभ्यासक्रम दोनच होते. एक पुण्याचा, मराठीतून, एक वर्षाचा. त्याच्या माहितीपत्रकात बारा फोटो होते आणि बारापैकी नऊ फोटोंत कोणीतरी कोणालातरी शाल घालत होतं. अभ्यासक्रमात पहिला घटक ‘विज्ञान म्हणजे काय’, दुसरा घटक ‘लेखन म्हणजे काय’. शिकवणारे बहुतेक असे, की ज्यांच्या शेतीविषयक पुस्तिका मी कारखान्यात वाचल्या होत्या आणि वाचून त्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातल्या होत्या. तिथे एक निबंध लिहून दिला आणि आठवड्यात जागा मिळाली. इतक्या लवकर मिळाली की माझा संशय बळावला.

दुसरा बेंगळुरूचा. इंग्रजीतून, दोन वर्षांचा, फक्त बारा जागा, आणि निवड झाली तर विद्यावेतन. त्याच्या माहितीपत्रकावर अर्ध्या चड्डीतली एक मुलगी तळहातावर बेडूक घेऊन हसत होती. बेडूकही खूश दिसत होता. असल्या ठिकाणी आपल्यासारखी मुलगी गेली की तिचाच बेडूक होतो, चार जण तळहातावर घेऊन कौतुक करतात, हे मला दिसत होतं. तरी मला तिथेच जायचं होतं. कारण तिथल्या एका विद्यार्थिनीनं तिच्या गावातल्या एका नाल्याबद्दल वीस पानं लिहिलेली मी वाचली होती. एका नाल्यावर वीस पानं, आणि मी ती बसल्या जागी संपवली. त्या मुलीचा मला मत्सर वाटला. ज्ञानाची ओढ वगैरे मी अर्जात लिहिलं, पण खरं कारण मत्सर हेच होतं.

पुण्याला होकार एका ठरलेल्या सोमवारपर्यंत कळवायचा होता. बेंगळुरूची यादी त्यानंतरच्या बुधवारी लागणार होती. म्हणजे एक सोडल्याशिवाय दुसरं मिळतंय का ते कळणार नव्हतं.

बेंगळुरूच्या अर्जाला दोन गोष्टी लागत होत्या. स्वतः लिहिलेला एक नमुना आणि शिकवलेल्या प्राध्यापकाचं एक शिफारसपत्र. नमुन्यासाठी माझ्याकडे फळा होता.

कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत उभे असतात. ऊस तोडून पडून राहिला की त्यातली साखर कमी होते, वजनही उतरतं. रोज कोणीतरी काट्याच्या खिडकीशी येऊन विचारायचं, की ऊस तर गाडीतच आहे, मग त्यातलं गेलं कुठं? काट्यावर वजनं नोंदवणारे एक क्लार्क होते, नातेपुत्याचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. उत्तरं देऊन देऊन ते कंटाळले आणि माणसं लॅबकडे पाठवायला लागले. मग मी खिडकीशेजारच्या, गाड्यांचे नंबर लिहायच्या फळ्याचा उजवा अर्धा भाग मागून घेतला आणि रोज चार-पाच ओळी लिहू लागले. रसात चुना कशाला घालतात, रसाला फेस का येतो, मळी काळी का असते. लोक वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरे वाचून दाखवायचे. सगळ्यात गाजलं ते उसाबद्दलचं. ‘तोडलेला ऊस मेलेला नसतो. तो उपाशी असतो. उपाशी माणूस झिजतो तसा तो स्वतःचीच साखर खात बसतो.’ ट्रॅक्टरवाल्यांनी त्याचे फोटो काढून फिरवले. बेंगळुरूला मी नमुना म्हणून हेच पाठवलं, फळा, रांग, माणसं, सगळं वर्णन करून आणि मधोमध ही तीन वाक्यं ठेवून.

राहिलं शिफारसपत्र. मी सरांकडे गेले तेव्हा ते केबिनमध्ये डबा खात होते.

“लिहून आण, सही करतो,” ते म्हणाले.

“सर, प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेलं हवंय त्यांना.”

“मग माझ्या नावानंच लिही की.” एवढं बोलून त्यांनी भाजीचा डबा उघडला.

ही आपल्याकडची रीतच आहे. विद्यार्थ्यानं स्वतःची स्तुती लिहून आणायची आणि गुरुजनांनी खाली सही ठोकायची. घरोघरी मातीच्या चुली. कोणालाच यात काही वावगं वाटत नाही आणि त्या दिवशी मलाही वाटलं नाही, वाटला तो फक्त कंटाळा. घरी येऊन लिहायला बसले. तीन दिवस लागले. पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी या विद्यार्थिनीला चार वर्षं जवळून ओळखतो.’ मग फळ्याची हकिकत, ती तीन वाक्यं, आणि ‘माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात’ वगैरे. लिहिता लिहिता पत्रातले सर मला आवडायला लागले. ते माझ्याकडे लक्ष देत होते, मी कुठे अडखळते आणि कुठे चमकते हे त्यांना ठाऊक होतं. असे सर मी तीन दिवसांत घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार केले आणि मग मला खऱ्या सरांचा आणखीच राग आला.

सरांनी पत्र वाचलं. परत एकदा वाचलं. “छान लिहिलंय मी,” म्हणाले. सही केली आणि ते संस्थेच्या संकेतस्थळावर चढवायचं कामही मलाच सांगितलं. त्यांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. मी सरांच्या खुर्चीत बसून, सरांच्या नावानं, माझी शिफारस बेंगळुरूला धाडली. ते तोवर बडीशेप चघळत खिडकीतून बाहेर बघत होते.

पुण्याच्या त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी बेंगळुरूहून मेल आला. एकाच प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रं आमच्याकडे आली असून ती शब्दशः सारखी आहेत. दुसऱ्या पत्रात वर वेगळ्या विद्यार्थिनीचं नाव आहे, पण चौथ्या परिच्छेदात तुमचं. कृपया खुलासा करावा.

ती दुसरी विद्यार्थिनी म्हणजे सरांची पुतणी, माझ्या एक वर्ष मागची. सरांच्या पत्रानुसार तीही कारखान्याच्या काट्यावर गाडीवानांसाठी फळा लिहीत होती. तिनं ऊस पाहिला असेल तर रसवंतीवर.

मेलची छापील प्रत घेऊन मी कॉलेजात गेले. सरांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“फॉरमॅट सगळ्यांचा सारखाच असतो गं.”

“सर, फॉरमॅट नाही, फळा सारखा आहे.”

“ऑफिसमधल्या पोराला सांगितलं होतं मी, नाव सगळीकडे बदल म्हणून. एक काम धड करत नाहीत.”

म्हणजे चूक एवढीच झाली होती. मी म्हटलं, “तुम्ही त्यांना एक ओळ कळवा, की हे पत्र मूळ माझ्यासाठी होतं.”

“आणि भावाला काय सांगू? घरात तोंड दाखवायचंय मला.” मग आवाज खाली आणून, जणू माझ्याच भल्याचं बोलत असल्यासारखं, “तुझं पुण्याचं झालंय ना? मग पुणं घे. मुलींना पुणं बरं. जवळ पडतं.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला ठाऊक होतं. पण कार्ट्याला पुण्याला पाठवायचं कारणही तेच ठरवणार, हे सहन होईना. मी म्हटलं, “सर, तुम्ही मला चार वर्षं जवळून ओळखता. माझं नाव सांगा.”

त्यांची नजर टेबलावरच्या मेलकडे गेली. मी त्यावर हात ठेवला.

“उद्धटपणा आहे हा,” सर म्हणाले. नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी मेल उचलला आणि निघाले.

शुक्रवारी निवड समितीच्या बाईंचा फोन आला. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून झालं, म्हणून माझी चिडचिड निम्मीच बाहेर पडली. त्या म्हणाल्या, तुमच्या सरांचं उत्तर आलंय. उमेदवार मुलीनं पत्र स्वतःच लिहून आणलं होतं, मी विश्वासानं सही केली, असं ते म्हणतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तर बोंबेतला शब्दन् शब्द खरा होता.

“पत्र तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“त्यांनी ते वाचलं होतं का?”

“वाचलं. आवडलं, म्हणून तर दुसऱ्यांदा वापरलं.”

बाई हसल्या नाहीत. “त्यातलं खरं किती आहे?”

“पहिलं वाक्य सोडून सगळं.”

“पहिलं वाक्य कुठलं?”

“ते मला ओळखतात, हे.”

बाई म्हणाल्या, हे पत्र बाद. सोमवारी संध्याकाळपर्यंत दुसरं पाठवा. तुमचं काम स्वतः पाहिलेल्या कोणाचंही चालेल, प्राध्यापकच हवा असं नाही. कुठल्याही भाषेत चालेल, मूळ पत्राची प्रत आणि इंग्रजी भाषांतर जोडा. फक्त ते तुम्ही लिहिलेलं नको.

त्याच दुपारी पुतणीचा फोन आला. रडत होती. “ताई, पत्रात काय आहे हे मला माहीतच नव्हतं. काकांनी परस्पर पाठवलं. मी अर्ज मागे घेतलाय.” तिची चूक नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तिला विचारलं, उसाचं एक पेर किती लांब असतं सांगशील का, आणि फोन ठेवून दिला.

मग मी कारखान्यातल्या चीफ केमिस्टना फोन केला. दोन हंगाम मी त्यांच्या हाताखाली काढले होते. ते म्हणाले, “अवश्य. तूच टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, सही करून पाठवतो.” मी आभार मानले आणि शनिवारी सकाळी एसटीनं श्रीपूरला गेले.

हंगाम संपला होता. जिथे गाड्यांची रांग असायची तिथे पाचटाचा भुगा आणि दोन कुत्री होती. काका काट्याच्या खोलीत एकटेच जुनी रजिस्टरं बांधत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सरांसकट. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग रजिस्टरचं एक कोरं पान नीट फाडून घेतलं आणि म्हणाले, “तुमी भाईर बसा मॅडम. तुमी म्होरं असला की माज्या हातनं तुमच्या मनासारकंच लिवलं जाईल.”

मी बाहेर चिंचेखाली तासभर बसले. आत जाऊन डोकावावं, निदान सुरुवात तरी बघावी, असं दहादा वाटलं. शेवटी त्यांनी घडी घातलेला कागद आणून दिला. “लिवलंय जे हाय ते. राग आला तर येऊ द्या.”

परतीच्या एसटीत मी ते उघडलं. अक्षर काटेकोर, वजनं लिहायची सवय असलेलं. ‘मॅडम तापट आहेत,’ अशी सुरुवात होती. ‘पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर सुक्रोजचे विघटन असे काही लिहिले. ते एकाही गाडीवानाला कळले नाही. मी तसे सांगितल्यावर माझ्याशी भांडल्या. म्हणाल्या लोकांनी थोडे डोके वापरावे. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन फळा पुसला व परत लिहिले. त्यानंतर रोज लिहिण्याआधी गाडीवानांत बसून विचारीत. एकदा चुन्याबद्दल चुकीचे लिहिले गेले. कळल्यावर दुसऱ्या दिवशी “काल मी चुकले” असे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मग बरोबर ते लिहिले. फळ्यावर चूक कबूल करणारे माणूस मी नोकरीत दुसरे पाहिले नाही. तापट आहेत परंतु शिकवल्यास शिकतात.’ खाली सही, हुद्दा, तारीख.

मला राग आला, मग रडू आलं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं मला आपल्या पिशवीतला पेरू दिला. सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी स्वतःहून लिहिलेलं ते पहिलंच पत्र होतं. मी कागद परत घडी घालायला उलटा केला तेव्हा मागच्या बाजूला आणखी ओळी दिसल्या.

‘ता.क. ऊस उपाशी असतो व स्वतःची साखर खातो हे जे वाक्य गाजले ते मूळ एका ऊसतोड बाईचे आहे. ती गाडीवर बसून बोलली, ते मॅडमनी फळ्यावर घेतले. तिचे नाव घालायचे तेव्हा राहून गेले. इथे नोंद असावी म्हणून लिहितो.’ आणि खाली त्या बाईचं पूर्ण नाव आणि सांगोल्याकडचं गाव.

ते खरं होतं. ती बाई बैलगाडीच्या दांडीवर बसून भाकरी खात होती आणि मी तिच्यापुढे उभी राहून दहा मिनिटं समजावत होते, की ऊस तोडला तरी आतून श्वास घेत राहतो, वगैरे. ती म्हणाली, “म्हंजी उपाशी माणूस झिजतंय की, तसं हाय हे. ऊस बसलाय सोताचीच साकर खात.” मी तिथून जवळजवळ धावतच फळ्याकडे गेले. नाव घालायचं राहून गेलं, हा काकांचा चांगुलपणा. मला तिचं नाव ठाऊकच नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

बेंगळुरूच्या माझ्या नमुन्यात ती तीन वाक्यं मधोमध होती, माझ्या नावावर. पत्रचोरीचं प्रकरण तिथे अजून ओलं होतं. त्यात हा ता.क. गेला तर काय होईल हे कळायला एम.एस्सी. लागत नाही.

रविवारी आईला पुढची बाजू वाचून दाखवली. आई मटकी निवडत होती. “माणूस खरं लिवतंय की,” ती म्हणाली. “तापट तर हायसच तू. आन् मागं काय लिवलंय त्या कागदाच्या?”

“काही नाही. पत्ता आहे.”

सोमवारी मी भाषांतर केलं. ‘तापट’ला इंग्रजीत चार सौम्य शब्द सुचले, चारही खोडले आणि सगळ्यात कडक होता तो ठेवला. त्याचा मला मोठा अभिमान वाटला. भांडण ठेवलं, ‘डोके वापरावे’ ठेवलं. मग सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी कागद यंत्रावर पालथा घातला, बटण दाबलं, आणि उचलताना म्हणाल्या, “मागं पण लिहिलेलं आहे. ते घ्यायचं का?”

मी म्हणाले, नको.

साडेचारला पत्र गेलं. पाचला पुण्याची मुदत संपली आणि मी त्यांना काहीच कळवलं नाही, आभाराची ओळसुद्धा नाही. बुधवारी यादीत माझं नाव होतं. बाईंनी वेगळा मेल करून लिहिलं, की समितीला ‘काल मी चुकले’ हे फार भावलं, असा प्रामाणिकपणा आम्ही शोधत असतो. क्लासच्या मालकांना मी फोनवरच नाही म्हणून सांगितलं आणि जूनमध्ये उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळुरूला आले. वर्ष होऊन गेलं. इथे मला चांगलं लिहिता येतं असं म्हणतात. बेडूक झाले नाही. माझा कोणी बेडूक करू पाहिला तर मी चावते, हे त्यांना लवकरच कळलं.

सरांवरचा राग कमी झालेला नाही. तो कमी व्हायला हवा होता, निदान स्वतःकडे बघून तरी, असं कोणी म्हणेल. नाही झाला. उलट सर आठवले की आता दोघांचा येतो.

यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला होता. निवड झाली म्हटल्यावर ते म्हणाले, “मंजी पत्राचा उपेग झाला म्हना की.”

“झाला काका. तुमच्यामुळंच झालं.”

“मी लगीच त्या बाईच्या मुकादमाला फोन लावतो. परवाच त्येला म्हनलो हुतो, सांग तिला, तुजं वाक्य नावासकट बेंगलोरला गेलंय म्हनून. लई खूश झाली म्हनं. इचारत हुती, तितल्या लोकास्नी ते कसं वाटलं.”

मी सांगितलं, त्यांना फार आवडलं.